कानबाईचा सोमवार

एक जूनला सकाळी मी मोबाईल बंद करून ठेवते. नाहीतर सहा वाजल्यापासून केक सुरू होतात. शिक्षकांचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, मेहरूणच्या आमच्या गल्लीचा ग्रुप, सगळीकडे केक, फुगे, जोडलेले हात आणि खाली नावांची लांबलचक यादी. आमच्या स्टाफरूममध्येच पाच जण एक जूनचे आहेत, मला धरून. एकदा नव्याने आलेल्या शिपायाने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी एवढी माणसं कशी काय जन्मली?" सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मला त्या एक जूनची चीड आहे, आणि वयाबरोबर ती कमी होण्याऐवजी वाढतच चालली आहे.

त्यामागची गोष्ट साधी आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बापाला तारीख माहीत नसायची. त्याला सण माहीत असायचा, पेरणी माहीत असायची, कुठल्या वर्षी नदीचं पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत आलं ते माहीत असायचं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, म्हणून गुरुजी सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तीच नोकरीच्या अर्जावर, तीच आधारकार्डावर. आख्ख्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाकीची पोरं वाढदिवसाला रंगीत कपडे घालून वर्गात चॉकलेटं वाटतात. एक जूनवाल्याच्या नशिबात तेही नाही, कारण त्या दिवशी शाळेला कुलूप असतं.

आणि गंमत अशी की माझं अक्षर चांगलं म्हणून जन्मभर माझ्याकडे काम कसलं आलं, तर दिनविशेष लिहिण्याचं. सकाळी परिपाठाच्या आधी मी फळा पुसते, वर सुविचार लिहिते आणि खाली आजच्या तारखेला जगात काय काय झालं ते. कुणा शास्त्रज्ञाचा जन्म, कुठल्या देशाचं स्वातंत्र्य, कुठे पहिली आगगाडी धावली, कुठे पहिलं विमान उडालं. हे सगळं पोरं एका सुरात वाचतात. तीसेक वर्षं मी परक्या माणसांचे वाढदिवस खडूने गिरवले, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा वाढदिवस कोणता ते मला सांगता येत नव्हतं. माझ्या स्वतःच्या दिवसाचं तर आईलाही आठवत नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती, एवढंच ती सांगायची.

माझी ही बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही तेच म्हणते. आमचं गाव पाचोऱ्याजवळ, नदीकाठी. अक्काचा जन्म कधीचा हे मात्र आमच्या घरात पक्कं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. घर रंगवतात, रोटांचा स्वयंपाक होतो, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. अशीच एका सोमवारी आमच्या गल्लीतून कानबाई निघाली होती, बाहेर बँड वाजत होता आणि आत खोलीत अक्का झाली. आई हे दरवर्षी सांगायची. तारखेपेक्षा हे किती भरवशाचं होतं, तुम्हीच सांगा.

अक्काला शाळेत घालायला आमचे वडील, म्हणजे आबा, घेऊन गेले. त्यांनी गुरुजींना अगदी स्वच्छ सांगितलं होतं, "गुरुजी, कानबाईना सोमवारले जनमनी. येती कानबाईले सहा वरीस पुरा व्हतीन." हे गुरुजी आमच्याच गावचे. घरी पंचांग बाळगणारे, लोकांना मुहूर्त काढून देणारे. त्यांनी मान हलवली आणि एक जून लिहिलं. आठ वर्षांनी माझ्याही नावापुढे तेच.

यात बिघडलं काय, असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. दोन-अडीच महिन्यांचा तर फरक! त्यांना मी धुळ्याची खिडकी सांगते.

अक्का मॅट्रिक झाली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. पाठची तीन भावंडं, घर, म्हैस, आईचं दुखणं, हे सगळं अक्काने सात-आठ वर्षं एकटीने ओढलं. आई उठून बसायला लागली, मी दहावीला गेले, तेव्हा कुठे अक्काने नर्सिंगचा अर्ज भरला. लहानपणापासून तिला तेच व्हायचं होतं. आईच्या पाठीवरच्या जखमा ती ज्या हाताने धुवायची, तो हात मी पाहिलेला आहे. मुलाखतीला आम्ही दोघी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. अर्जात अट होती की एक जुलैला अमुक वय पुरं झालेलं नसावं. खिडकीतल्या माणसाने दाखला पाहिला, बोटांवर मोजलं आणि कागद परत सरकवला.

"एक महिना जास्त होतोय बाई."

"साहेब, मन्हा जनम कानबाईना सोमवारना शे," अक्का म्हणाली. "जून मास्तरनी लिखेल शे."

"कानबाई कोणत्या कागदावर लिहिलीय?" तो म्हणाला, आणि मागच्या मुलीला पुढे बोलावलं.

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो उद्धटही नव्हता. म्हणूनच बहुधा मला त्याचा इतका राग आला की मी खिडकीच्या लाकडावर हात आपटला. अक्काने तो हात धरून मला बाहेर आणलं. चाळीसगावच्या फलाटावर तिने मला म्हटलं, "चाल, भजा खाऊत," आणि स्वतःच्या पुड्यातली अर्धी भजी माझ्या पुड्यात घातली. ती रडली नाही. पुढच्या वर्षी तर वय आणखी वाढणार होतं, म्हणजे तो विषय तिथेच संपला.

पुढे तिचं लग्न धुळ्यातच झालं आणि ती एका खाजगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. नर्स नव्हे, आया. फरशी पुसायची, चादरी धुवायच्या आणि बाळंतिणीचा हात धरून उभं राहायचं. तिथे तिच्याकडे आणखी एक काम आपोआप आलं. मूल बाहेर आलं की डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात गुंतलेले असायचे. त्या न बघताच विचारायच्या, "अक्का, टाईम?" अक्का भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगायची, तास आणि मिनिट. ते कागदावर चढायचं. तीस वर्षांत किती पोरांची वेळ तिने सांगितली असेल, देव जाणे. धुळ्यातल्या कितीतरी पत्रिका माझ्या बहिणीच्या नजरेवर उभ्या आहेत. मी एकदा तिच्यासमोर या सगळ्यावरून आदळआपट केली, तेव्हा ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "तुले कसानी एवढी आग लागस? नोकरी मन्ही गयी, तुन्ही नही." मला त्याचाही रागच आला.

आणि मग गेल्या हिवाळ्यात फोन आला. गुरुजी नव्वद वर्षांचे झाले होते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात सोहळा ठरवला होता. फोन करणारा माझ्याच वर्गातला, आता पाचोऱ्यात त्याचं खतांचं दुकान आहे. "ताई, फळा तुम्हीच लिहायचा. आजचा दिनविशेष म्हणून. गुरुजींचा जन्म, तारीख, वेळ, नक्षत्र, सगळं त्यांच्या सूनबाईंनी लिहून दिलंय." वेळ आणि नक्षत्र! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने गावातल्या एकाही पोराला स्वतःचा दिवस ठेवला नाही, त्याचा दिवस नक्षत्रासकट मी खडूने गिरवायचा. मी "येते" म्हटलं. गेले ती भांडायला गेले, हे कबूल करते.

मी मुद्दाम तासभर आधी पोचले. शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. त्यांना म्हटलं, जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघू द्या. पोर शाळेत कधी आलं, कधी गेलं आणि जन्मतारीख काय, हे त्यात असतं. त्यांनी कपाटातून काढून दिलं. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. गुरुजींचं अक्षर मात्र तसंच होतं, मोत्यासारखं. त्याच अक्षरावरून मी माझं वळण घेतलं आहे. अक्काचं पान सापडलं. वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. वीस ओळींत दोनच तारखा वेगळ्या होत्या. एक पाटलांच्या मुलाची आणि एक गुरुजींच्या स्वतःच्या मुलाची. त्या दोघांना दिवसही वेगळा आणि महिनाही वेगळा. मी ते पान मोबाईलवर काढून घेतलं. पहिले दोन फोटो हलले.

फळा मी लिहिला. सांगितलं तसंच, नक्षत्रासकट, सुबक. मग कार्यक्रम झाला. गुरुजींना शाल, श्रीफळ, फेटा. भाषणं झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी माईक घेऊन एवढंच म्हटलं, "ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करा."

निम्म्या मांडवाचे हात वर गेले. आणि काय झालं माहीत आहे? सगळे हसायला लागले. टाळ्या पडल्या. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, कुणीतरी मागून ओरडलं, "हॅपी बर्थडे!" गुरुजीसुद्धा बोळक्या तोंडाने हसत होते. मला वाटलं होतं की हे हात बघून त्या माणसाची मान खाली जाईल. उलट तो आशीर्वाद दिल्यासारखा हात हलवत होता. मी अक्काचं नाव घेणार होते, खिडकी सांगणार होते. पण त्या हशात कुणाला काय सांगणार? मी माईक ठेवला आणि खाली उतरले. त्या मांडवातल्या एकाएकाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटत होतं.

जेवणं चालू असताना मी गुरुजींच्या खुर्चीजवळ गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मोबाईलवरचं पान मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. "हे तुमचं अक्षर. ही माझी बहीण. आबांनी तुम्हाला कानबाईचा सोमवार सांगितला होता. तुमच्या घरात पंचांग होतं. पाच मिनिटांचं काम होतं. तुमच्या मुलाला तारीख मिळाली, तिला का नाही?" आणि मग धुळ्याची खिडकी सांगितली. माझा आवाज चढला होता. पंगतीतली दोन माणसं वळून बघायला लागली, तरी मी थांबले नाही.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. वय झालेलं असलं तरी डोकं साफ होतं.

"खरी तारीख लिहिली असती तर जूनमध्ये तिला सहा पुरी होत नव्हती," ते म्हणाले. "नियमाने परत पाठवावी लागली असती. मुलगा परत पाठवला तर पुढच्या वर्षी यायचा. मुलगी यायची नाही. वर्षभरात तिच्या कडेवर भावंड यायचं. म्हणून जून लिहिला."

याचा मी कधी विचार केला नव्हता. पण राग जुना होता, तो एका वाक्याने थोडाच उतरतो.

"मग आत आल्यावर दुरुस्त का नाही केली? आणि माझी? आणि या बाकीच्या सगळ्यांची? ते सगळेच काय सहाच्या आत होते?"

"नाही," ते म्हणाले. "बाकीचा आळस होता. सवय लागली होती." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू पण मास्तरीण आहेस ना? तू कधीच लिहिला नाहीस एक जून?"

मला खोटं बोलता आलं असतं.

माझी पहिली नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या बाजूला होती. शाळेत वीटभट्टीवरच्या मजुरांची पोरं यायची. एक बाई मुलीला घेऊन आली. जन्म कधीचा, विचारलं, तर म्हणाली, वीजकेंद्राच्या नव्या चिमणीतून पहिल्यांदा धूर निघाला त्या दिवशीचा. "आम्ही सगळ्या बाया बघायला उभ्या होतो आणि तिथेच माझ्या पोटात कळ आली," ती म्हणाली. किती ठसठशीत खूण होती ती! वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी तारीख मिळाली असती. त्या बाईने आपल्या पोरीचा दिनविशेषच मला आणून दिला होता. मागे रांग होती, दुपारी पत्रक द्यायचं होतं. मी एक जून लिहिलं. छान वळणदार लिहिलं. ती मुलगी आता चाळिशीच्या आसपास असेल, आणि कोणत्या खिडकीवरून परत आली असेल ते मला माहीत नाही. धुळ्याच्या खिडकीवर हात आपटणारी मी, अवघ्या काही वर्षांत आतल्या बाजूला जाऊन बसले होते.

"लिहिला आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. बरं झालं, हसले असते तर मी तिथेच काहीतरी बोलून बसले असते. त्यांनी सुनेला हाक मारली आणि माळ्यावरची जुनी पंचांगं आणायला सांगितली. शाळेला लागूनच घर. तिने कापडात बांधलेला गठ्ठा आणला. माणसाने एकही पंचांग टाकलं नव्हतं! म्हणजे अक्का खिडकीवर उभी होती त्या दिवशीसुद्धा तिचा कागद गावात या माळ्यावर पडून होता. गुरुजींनी भिंग लावून अक्काच्या जन्माचं साल काढलं, श्रावणावर बोट ठेवलं, नागपंचमी शोधली, पुढचा रविवार, मग सोमवार. खरोखर पाच मिनिटंही लागली नाहीत. कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे त्यांनी ती तारीख लिहिली. नव्वदीतला हात, तरी अक्षर तेच. खाली सही केली, जशी दाखल्यावर करायचे तशी.

"तिला दे," म्हणाले. "माफी मागा म्हणशील तर मागतो."

मी कागद घेतला. माफी मागा असं म्हटलं नाही, आणि राहू द्या असंही म्हटलं नाही. पाया पडायचं मात्र टाळलं.

पाचोऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली आणि बसल्या जागी मला स्वतःला थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. हल्ली मोबाईलवर कुठल्याही सालचं पंचांग दिसतं. रोजचा दिनविशेष मी त्याच मोबाईलवरून उतरवते. परक्या देशातल्या राजाचा जन्म मी त्यात शोधला, अक्काचा नाही. इतकी वर्षं मी नुसती चिडत राहिले. चिडण्यात आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी बहिणीसाठी पाच मिनिटंसुद्धा काढली नव्हती.

तिथूनच मी अक्काला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"अक्का, तुन्ही तारीख सापडनी," मी म्हटलं आणि तारीख वाचून दाखवली. ती मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहे, आणि पासष्ट वर्षांनी तिला पहिल्यांदा मिळाली आहे.

भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं ती रडत असेल. मला वाटलं, निदान आता तरी रडेल.

"आन टाईम?" तिने विचारलं. "टाईम काय व्हता?"

मी कागद उलटसुलट करून बघितला, जणू तो मागे कुठे लिहिलेला असेल. आई गेली, आबा गेले, बाळंतपण करणारी दाई तर कधीच गेली. मी म्हटलं, कानबाई गल्लीतून निघाली होती, बँड वाजत होता, एवढंच आई सांगायची.

"म्हंजे सकायना," अक्का म्हणाली. "पन घड्याय कोनी देखं नही ना."